सिंधूला 'सोशिक' म्हणून मोकळे होऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत अभिजात मराठी नाटकांची ओळख करून देणारी लेखमाला सुरू झाली, याचा मनापासून आनंद आहे. अकरावी-बारावीची मुले, मराठी घेऊन एम.ए. करणारे विद्यार्थी, राज्य नाट्य स्पर्धेत जुने नाटक करायला घेणाऱ्या हौशी संस्था हे सगळे असली कात्रणे जपून ठेवतात. म्हणूनच राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला'वरच्या भागाबद्दल जरा सविस्तर लिहितो आहे. पत्र लांबेल, पण हा विषय चार ओळींत उरकण्यासारखा नाही.

त्या लेखात व्यक्तिरेखांची एक चौकट दिली होती. सुधाकर : बुद्धिमान पण दुर्बळ मनाचा. सिंधू : सोशिक, पतिव्रता. तळीराम : खलनायक. रामलाल : आदर्श मित्र. खाली नाटकाचा विषय : दारूचे दुष्परिणाम. यातले कुठलेच विशेषण साफ चूक आहे असे मी म्हणणार नाही. अडचण अशी की नाटक न वाचताही ही चौकट भरता येते. आणि नाटक वाचल्यावर जे प्रश्न पडायला हवेत, ते ही चौकट पडूच देत नाही. अमुक पात्र अमुक स्वभावाचे, असे एकदा लिहिले की वाचणारा त्या पात्राकडे पुन्हा बघत नाही.

नाटकातले पात्र ओळखायचे ते त्याच्या कृतीवरून. कादंबरीत लेखक मध्ये येऊन स्वभाव सांगू शकतो, नाटकात ती सोय नाही. तिथे हाताशी चारच गोष्टी असतात : पात्र काय करते, काय बोलते, ते समोर नसताना इतर त्याच्याविषयी काय बोलतात, आणि रंगसूचना. या चारांत वजन सर्वांत जास्त कृतीला द्यायचे आणि सर्वांत कमी पात्राच्या स्वतःविषयीच्या बोलण्याला. विद्यार्थी नेमके उलटे करतात, कारण स्वगतातली वाक्ये पाठ करायला सोपी असतात.

सुधाकरचेच घ्या. तो पहिला प्याला कधी घेतो? न्यायालयात मानी स्वभावापायी खटका उडतो, वकिलीची सनद तात्पुरती काढून घेतली जाते, चारचौघांत मान खाली जाते, आणि त्या तडफडीत तळीराम प्याला पुढे करतो. हे पहिल्या अंकातले. पुढे तो दारू सोडायचे ठरवतोही, कामधंद्यासाठी पूर्वीच्या ओळखीपाळखीच्या लोकांकडे जातो, तिथे झिडकारला जातो आणि पुन्हा पिणाऱ्यांच्या बैठकीत जाऊन बसतो. हे दोन प्रसंग शेजारी मांडून पाहा. दोन्ही वेळा आधी अपमान, मग प्याला. मधे संसारातल्या अडचणी, पैशाची चणचण, आजार यांतले काहीही येऊन गेले तरी ते त्याला प्याल्याकडे ढकलत नाही. ढकलते ती मानहानी. आता तिसरी कृती घ्या : सासर-माहेरचा ताण वाढल्यावर सिंधूच्या माहेरचा पैसा घरात येऊ द्यायचा नाही, ही त्याची अट. दुर्बळ मनाचा माणूस अशी अट घालेल का? ज्या मानीपणाने तो पितो, तोच मानीपणा ही अट घालतो. शेवटी स्वतःला शिक्षाही तोच देतो, दुसऱ्या कुणाला देऊ देत नाही. 'दुर्बळ' हे विशेषण पहिल्या दोन प्रसंगांना कसेबसे लागू पडते आणि पुढच्या दोहोंपाशी कोसळते. 'मानी' चारही ठिकाणी टिकते. विशेषण लिहायचेच असेल तर ते अशी परीक्षा घेऊन लिहावे.

आता त्या प्रसिद्ध भाषणाकडे येतो. दारूबाजाच्या आयुष्यातल्या तीन अवस्था सुधाकर समजावून सांगतो, तो उतारा शेकडो वेळा व्यसनमुक्तीच्या व्यासपीठावर म्हटला गेला आहे आणि आपल्या लेखातही 'लेखकाचा संदेश' म्हणून आला आहे. पण तो उतारा कोण, कुणाला, कधी म्हणतो? रामलाल जिवाच्या आकांताने दारू सोडायला सांगतो आहे आणि सुधाकर त्याला पटवून देतो आहे की आता सुटणे शक्य नाही. म्हणजे तो उपदेश नाही, युक्तिवाद आहे. एक हुशार वकील आपल्या विरुद्धचा खटला स्वतःच इतका बिनतोड मांडतो की सुटकेला जागा उरत नाही. वाक्ये खरी आहेत, निरीक्षण भेदक आहे, आणि तरीही त्या क्षणी त्या वाक्यांचे काम आहे प्याला हातात ठेवण्याला कारण पुरवणे. प्रसंग बाजूला काढून उतारा वाचला की हे सगळे नाहीसे होते. जो नट हे भाषण कीर्तनकाराच्या सुरात म्हणतो, त्याच्या हातून प्रवेश निसटतो तो इथेच. रामलालला हरवायचे आहे, या जिद्दीने ते म्हणावे लागते.

तळीरामाबद्दल थोडेच. हे नाव आज 31 डिसेंबरच्या बातम्यांच्या मथळ्यांत सर्रास वापरले जाते, त्यामुळे नाटक उघडण्याआधीच वाचकाच्या मनात त्याचे चित्र पक्के असते. पण त्याच्या आर्य मदिरा मंडळाचे प्रवेश नीट वाचा. तिथे सभा भरते, ठराव होतात, वाद झडतात, शास्त्री आणि खुदाबक्ष एका बैठकीत मांडीला मांडी लावून बसतात. त्या काळच्या सभा-संमेलनांची आणि सुधारणेच्या मंडळांची सगळी भाषा गडकऱ्यांनी दारूच्या अड्ड्यावर आणून ठेवली आहे. पिण्याला तत्त्वज्ञान मिळते, सनद मिळते. हे विनोदी प्रवेश 'मुख्य कथेतून विरंगुळा' म्हणून लेखात एका ओळीत संपवले आहेत. खरे म्हणजे सुधाकर रामलालपुढे जे गंभीरपणे करतो, तेच हे मंडळ हास्यास्पद करून दाखवते. आणि तळीराम स्वतः त्याच प्याल्यात बुडून मरतो. आपल्याच फासात आधी आपण अडकलेल्या माणसाला 'खलनायक' म्हटले की निम्मे सांगायचे राहते.

रामलाल 'आदर्श मित्र' कुठपर्यंत? सुधाकरची बालविधवा बहीण शरद हिच्याविषयी त्याला वडीलकीची माया वाटते, असे तो स्वतः समजतो आणि बोलतो. पुढे त्याला कळून चुकते की त्या मायेत वासना मिसळली आहे. हा भाग पुष्कळ प्रयोगांत कापला जातो, मार्गदर्शकांत वगळला जातो आणि आपल्या लेखातही नाही. तो वगळला की रामलाल म्हणजे प्रवचन देणारा भला माणूस एवढाच उरतो. ठेवला तर दिसते की सुधाकरला आरसा दाखवणारा हा माणूस स्वतःच्या बाबतीत किती दिवस आंधळा होता. इथे काळाचा संदर्भही लागतो. विधवाविवाहाला कायद्याने 1856 सालीच मान्यता दिली होती, पण नाटक लिहिले जात होते तेव्हाही घरोघरी त्याविषयी काय बोलले जात असे, हे शरदच्या वाट्याच्या प्रवेशांतून कळते. भगीरथ या तरुणाशी तिची गाठ बांधली जाते ती रामलालने स्वतःला ओळखल्यानंतर.

आणि सिंधू. सर्वांत मोठा अन्याय तिच्यावर होतो, कारण 'सोशिक' या शब्दात ती काहीच करत नाही असे गृहीत धरलेले असते. नाटकात ती काय करते ते मोजू या. भाऊ पद्माकर न्यायला येतो तेव्हा ती जात नाही. माहेरचा पैसा न घेण्याचा शब्द पाळण्यासाठी दळण दळून पोट भरते. शेवटच्या अंकात नवऱ्याच्या काठीने मूल गेलेले असताना, स्वतः मरणाच्या दारात असताना, फौजदारापुढे ती नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटे सांगते. हे तीनही निर्णय आहेत. प्रत्येक वेळी दुसरा रस्ता समोर उघडा आहे, कुणीतरी तो हाताने दाखवतो आहे, आणि ती तो नाकारते. तिच्या शेजारी गडकऱ्यांनी गीता उभी केली आहे. तळीरामाची बायको, तोंडावर बोलणारी, ऐकून न घेणारी. हा शेजार मुद्दाम आहे. गीता दिसते म्हणूनच सिंधूचे वागणे हा त्या काळातल्या बाईपुढचा एकमेव मार्ग नव्हता, हे प्रेक्षकाला कळते. मग प्रश्न उभा राहतो : जिच्या निष्ठेला आपण हात जोडतो, तिची निष्ठा मुलाला वाचवते की मारणाऱ्याला? नाटक याचे उत्तर देत नाही. पण हा प्रश्न विद्यार्थ्यापुढे यायलाच हवा, आणि 'आदर्श पत्नी' असे लिहिले की तो कायमचा झाकला जातो.

इथे एक पुराव्याची चूक हमखास होते. सिंधूच्या स्वभावाचा दाखला म्हणून 'कशि या त्यजू पदाला' हे पद उद्धृत केले जाते, आणि त्याखाली गडकऱ्यांचे नाव लिहिले जाते. या नाटकातली बहुतेक पदे वि. सी. गुर्जरांची आहेत. गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी सावनेर येथे वारले, गंधर्व नाटक मंडळीने नाटक रंगभूमीवर आणले ते त्यानंतर, त्याच वर्षी. लेखकाने आपले हे नाटक रंगभूमीवर पाहिलेच नाही. बालगंधर्वांनी सिंधू केली, गणपतराव बोडसांनी सुधाकर. बालगंधर्वांच्या गाण्याने सिंधू प्रेक्षकांच्या मनात किती मोठी झाली हे सर्वांना ठाऊक आहे, आणि त्या गाण्यातली सिंधू ही संवादांतल्या सिंधूपेक्षा अधिक हळवी आणि अधिक समर्पित आहे. पदे आवडू नयेत असे नाही. पण पात्राचे विश्लेषण करताना आधी फक्त गद्य संवाद वाचून टिपण करावे, मग पदे वाचावीत, आणि दोहोंत कुठे फरक पडतो ते वेगळे लिहावे. 'शारदा' या नाटकात ही अडचण येत नाही, कारण तिथे नाटक आणि पदे दोन्ही गोविंद बल्लाळ देवलांचीच. प्रत्येक संगीत नाटकाच्या बाबतीत पदे कुणाची, हा पहिला प्रश्न विचारायचा.

आता विषयाकडे. 'दारूचे दुष्परिणाम' हा विषय नव्हे, तो मजकूर आहे. विषय एका नामात मावत नाही. त्याला क्रियापद असलेले पूर्ण वाक्य लागते. वाक्य केले की ते तपासता येते. 'दारूने संसार उद्ध्वस्त होतो' असे वाक्य करून पाहा : सुधाकर-सिंधूला लागू, तळीराम-गीतेला लागू. पण मग रामलाल आणि शरदचा धागा नाटकात कशाला? भगीरथ प्रेमभंगाने दारूकडे वळलेला असूनही बाहेर पडतो, तो कशाला? ज्या वाक्याने नाटकाचा तिसरा हिस्सा अनावश्यक ठरतो, ते वाक्य अपुरे आहे असे खुशाल समजावे. याउलट हे वाक्य घ्या : स्वतःला फसवायला माणूस आपल्या सर्वांत चांगल्या गुणाचाच आधार घेतो. सुधाकर बुद्धीचा आणि मानाचा, रामलाल वडीलकीचा, मदिरा मंडळ सभ्य सभेच्या भाषेचा. भगीरथ सुटतो, कारण तो स्वतःशी वाद घालणे थांबवून दुसऱ्यांच्या कामाला लागतो. आणि सिंधूची निष्ठा या वाक्यापुढे आणून ठेवली की अंगावर काटा येतो. हे वाक्य शेवटचे आहे असा माझा दावा नाही. दुसऱ्याने दुसरे करावे. मात्र त्याने सगळे धागे त्यात ओवून दाखवावेत.

ज्यांना हे काम स्वतः करायचे आहे, त्यांच्यासाठी पद्धत लिहितो. पहिले वाचन पेन्सिल न घेता, एका बैठकीत. पाच अंकी नाटकाला तीन-चार तास द्यावे लागतात, आणि ते तुकड्यांत दिले तर चढउताराचा अंदाज येत नाही. दुसरे वाचन वही घेऊन. आडव्या पानावर सहा रकाने आखा : अंक आणि प्रवेश, स्थळ आणि वेळ, कोण येते-जाते, कुणाला काय हवे आहे, प्रवेश संपताना काय बदलले, आणि कुणाला कोणती गोष्ट ठाऊक झाली. एका प्रवेशाला एकच ओळ, फार तर दोन. पूर्ण नाटक दोन-तीन फुलस्केप पानांत बसले पाहिजे. बसत नसेल तर आपण कथानकाचा सारांश लिहीत बसलो आहोत असे समजावे आणि 'काय बदलले' हाच रकाना पुन्हा भरावा. ज्या प्रवेशापुढे तो रकाना रिकामा राहतो, तिथे थांबा. एकतर तो प्रवेश केवळ रंजनासाठी आहे किंवा, बहुतेक वेळा, बदल आपल्या नजरेतून सुटला आहे.

सहावा रकाना विद्यार्थी आळसाने सोडून देतात आणि तिथेच सर्वांत जास्त गवसते. कोणती गोष्ट प्रेक्षकाला ठाऊक आहे आणि पात्राला नाही, कोणती एका पात्राला ठाऊक आहे आणि दुसऱ्याला नाही, यावर नाटकातला ताण उभा असतो.

तिसरे वाचन एका पात्राचे. फक्त त्याचे संवाद सलग वाचायचे, आणि वेगळ्या रंगाने ते रंगमंचावर नसताना इतरांनी त्याच्याविषयी काढलेले उद्गार खुणावायचे. त्यानंतर त्या पात्राविषयी तीनच विधाने लिहायची. प्रत्येक विधानाला एक कृती आणि एक दुसऱ्याचा उद्गार असे दोन पुरावे, अंक-प्रवेशाच्या उल्लेखासह. आणि प्रत्येक विधानाविरुद्ध जाणारी एक तरी जागा शोधायची. ती सापडली की घाबरून लपवायची नाही. उलट तिथेच पात्राचे अंतर्विरोध असतात आणि चांगल्या उत्तराचा गाभा तिथूनच निघतो. विरुद्ध जागा कुठेच सापडत नसेल तर पात्र एकसुरी आहे, किंवा आपले विधान इतके गुळगुळीत आहे की त्याच्याविरुद्ध काही जाऊच शकत नाही. 'सिंधू प्रेमळ आहे' हे त्या दुसऱ्या जातीचे विधान.

कोणती संहिता वाचतो हेही लिहून ठेवावे. जुनी पाच अंकी नाटके आज अडीच-तीन तासांत बसवण्यासाठी संपादित होतात आणि कात्री बहुधा उपकथानकांवर चालते. ध्वनिचित्रफीत पाहून लिहिलेल्या उत्तरात भगीरथ नसतो, तो यामुळेच. प्रयोग जरूर पाहावा, पण संहिता वाचून झाल्यावर, आणि काय कापले आहे याची यादी करत.

हीच पद्धत नव्या वळणाच्या नाटकालाही लागते का, असे कुणी विचारील. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' घेऊन बघा. एक हौशी नाटकमंडळी गंमत म्हणून आपल्यातल्याच लीला बेणारे या शिक्षिकेवर खोटा खटला चालवते आणि खेळ तिच्या खऱ्या आयुष्यावर घसरतो. 1967 साली 'रंगायन' या नाट्यसंस्थेने केलेल्या या नाटकात लीला बेणारे सुरुवातीलाच दाराच्या कडीत बोट चेमटवून घेते. क्षुल्लक प्रसंग. पण तक्त्यात तो टिपला असेल तर पुढे तिला खोलीतून बाहेर पडायचे असते आणि दार उघडत नाही, तेव्हा आपण चमकतो. खेळातले कोर्ट खऱ्या पिंजऱ्यात बदलले, हे तेंडुलकर एका कडीवरून सांगतात. आता 'कुणाला काय हवे' हा रकाना भरा. सुखात्मे हा अशील नसलेला वकील, पोंक्षे परीक्षेत अडलेला विज्ञानवाला, रोकडे काशीकरांच्या अन्नावर वाढलेला, काशीकर पतिपत्नी निपुत्रिक. यांच्यापैकी प्रत्येकाला आयुष्यात जे मिळाले नाही, ते त्या खोट्या खटल्यात दुसऱ्याला दोषी ठरवून मिळवायचे आहे. सामंत तर वाचत असलेल्या कादंबरीतून साक्ष उचलून देतो, आणि कोर्ट ती ग्राह्य धरते! 'दुष्ट समाज' असे लिहून हे कळत नाही. प्रत्येकाची उणीव आणि त्याने विचारलेला प्रश्न यांची जोडी लावली की कळते. बेणारेच्या पोटातल्या मुलाचे वडील प्राध्यापक दामले संपूर्ण नाटकात येत नाहीत, म्हणून व्यक्तिरेखांच्या यादीतून त्यांना गाळतात. खरे तर सर्वांत आधी त्यांचेच नाव लिहायला हवे. आरोपी म्हणून बाई उभी आहे आणि पुरुष गैरहजर आहे, हीच या खटल्याची मांडणी आहे.

बेणारेचे शेवटचे स्वगत एकपात्री स्पर्धांत नेहमी निवडले जाते, आणि नेहमी ते कोर्टाला दिलेले सडेतोड उत्तर म्हणून सादर होते. रंगसूचना नीट वाचावी. ती बोलत असताना बाकीचे सगळे थिजलेले आहेत. ते संपल्यावर काशीकरांच्या लेखी आरोपीने काहीच निवेदन केलेले नाही, आणि पुढची कारवाई जणू काही बोलणे झालेच नाही अशी सुरू होते. ते बोलणे कुणाच्या कानावर पडत नाही, यातच त्या प्रसंगाचे क्रौर्य आहे. समोरच्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून ते म्हटले की नाटक उलटे होते.

'देवलांच्या 'शारदा'वर पुढचा लेख' अशी सूचना आपण छापली आहे, म्हणून त्याविषयी दोन गोष्टी आधीच सुचवतो. एक, 'बाला-जरठ विवाहाला विरोध' एवढे लिहून थांबू नये. 1899 साली किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणलेल्या या नाटकात विरोधाचे हत्यार आहे ते विनोदाचे. मैत्रिणींच्या तोंडचे 'म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान' ऐकून प्रेक्षक हसतो आणि हसता हसता म्हाताऱ्या वराच्या, भुजंगनाथाच्या, विरुद्ध पक्षात जाऊन बसतो. पण कथानकाची गाठ कशी सुटते ते पाहा. लग्न मोडते ते वयातल्या अंतरामुळे नव्हे, तर वर आणि वधूपिता सगोत्र निघाल्यामुळे. म्हणजे ज्या अन्यायावर नाटक चार अंक बोट ठेवते, तो अन्याय तेवढ्याने बेकायदा किंवा अशास्त्र ठरत नाही. पैशासाठी मुलगी देणारा कांचनभट अडतो तो एका शास्त्रार्थाच्या मुद्द्यावर, आणि शारदेचे पुढे कोदंड या तरुणाशी लग्न लागते तेही शंकराचार्यांच्या संमतीने. याला काहीजण देवलांची तडजोड म्हणतील, काहीजण त्या काळच्या प्रेक्षकाला बरोबर घेऊन जाण्याची हुशारी. मला दुसरे पटते, कारण शास्त्राचा आधार घेऊन आलेल्या प्रेक्षकाला शास्त्रानेच उत्तर दिले तर तो उठून जात नाही. वाद जरूर व्हावा. मात्र त्यासाठी शेवट वाचकापर्यंत जसा आहे तसा पोहोचायला हवा. लग्न मोडल्यानंतर शारदा जीव द्यायला निघते, हेही सांगावे. लग्न मोडले म्हणजे मुलगी सुटली असे त्या समाजात होत नव्हते, आणि देवलांना ते पक्के ठाऊक होते.

तक्ता करणाऱ्याने 'शारदा'त आईच्या, म्हणजे इंदिराकाकूंच्या प्रवेशांवर विशेष लक्ष ठेवावे. त्यांना काय हवे आहे हे उघड आहे, आणि घरात त्यांच्या शब्दाला किती वजन आहे हेही प्रत्येक प्रवेशात दिसते. शारदा बोलते तेव्हा कुणाशी बोलते आणि कुणापुढे गप्प राहते, याची नोंद केली तर तिचा स्वभाव आपोआप उलगडतो. मैत्रिणींत बोलणारी मुलगी बापापुढे मुकी होते. 'लाजाळू' हे विशेषण इथेही चुकेल.

दुसरी गोष्ट कायद्याची. 'शारदा नाटकामुळे शारदा कायदा झाला आणि नाटकावरून त्याला ते नाव पडले' हे वाक्य अनेक लेखांत, भाषणांत आणि उत्तरपत्रिकांत सापडते. 1929 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा ओळखला जातो तो केंद्रीय विधिमंडळात विधेयक मांडणाऱ्या हरविलास सारडा यांच्या आडनावावरून. तो 1 एप्रिल 1930 पासून अमलात आला आणि त्यात विवाहाचे किमान वय मुलीसाठी 14, मुलासाठी 18 होते. देवल त्याआधीच, 1916 साली वारले होते. त्या कायद्यात वधूवरांच्या वयातल्या अंतरावर बंधन नव्हते, त्यामुळे चौदा वर्षे पुरी झालेल्या मुलीचे भुजंगनाथाशी लग्न त्या कायद्याने थांबले नसते. नाटकाने लोकमत घडवले हे निर्विवाद आहे आणि तेवढे म्हणणे पुरेसे आहे. लेख छापण्याआधी ही एक ओळ तपासून घ्यावी, आणि लेखकांना प्रत्येक विधानापुढे अंक-प्रवेश लिहायला सांगावे, ही विनंती.

कळावे,
आपला,
नाट्यशास्त्राचा एक अध्यापक, सांगली